टीनएजर मुलांसाठी सायकॉलॉजिस्ट व्हायचंय, बेळगाव भागात राहून जमेल का?

शहापूरची_मावशी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायचंच ठरवलं. माझी भाची सेकंड पीयूसीला म्हणजे बारावीला आहे, आर्ट्स, त्यात सायकॉलॉजी विषय आहे आणि तिचं पक्कं ठरलंय की सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तेही वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीच. दहावीपर्यंत मराठी मीडियम झालंय. तिचे बाबा म्हणतात बी.एड. कर, टीईटी दे, सरकारी शाळेत लाग. ताईला वाटतं पोरगी वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी करणार मग स्थळं कशी यायची. मी भाचीच्या बाजूनं आहे पण मलाच धड माहिती नाही तर मी भांडू कशी. शिक्षण कुठं, किती वर्षं, आपल्याकडं बेळगाव खानापूर निपाणी भागात काम मिळतं का की पुणे बंगळूरलाच जायचं? आणि भाऊजींचा एक प्रश्न आहे ज्याला मला उत्तर देता आलं नाही, तेरा ते एकोणीस वयाच्या पोरांसाठी वेगळा माणूस कशाला लागतो, आमच्या वेळी कोण होतं?

येळ्ळूरची

मावशी, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मी हेच काम करते, बेळगावातच, शाळांमधे आणि संध्याकाळी क्लिनिकमधे.

आईवडील मुलाला घेऊन येतात तेव्हा बहुतेक वेळा दोनातलं एक वाक्य असतं. एक म्हणजे "हा पहिला असा नव्हता, याला काहीतरी झालंय". दुसरं म्हणजे "वयच तसं आहे हो, होईल आपोआप". आणि पहिलं वाक्य येतं तिथं पुष्कळदा मुलाला काहीही झालेलं नसतं आणि दुसरं येतं तिथं मूल खरंच अडचणीत असतं. हा फरक ओळखायचा तर त्या वयात शरीर, मेंदू, मैत्री, घर या सगळ्यात नेमकं काय चाललेलं असतं ते खोलात माहीत लागतं. म्हणून वेगळा माणूस.

झोपेचंच घ्या. पोरगा बारा वाजेपर्यंत जागा आणि सकाळी ट्यूशनला उठत नाही म्हणून घरात रोज महाभारत. आता वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा पाझरायला लागतं, शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, अमेरिकेतल्या मेरी कार्सकाडन यांनी यावर कित्येक वर्षं काम केलंय. म्हणजे त्यात आळस कमी आणि निसर्ग जास्त, फोन त्यात तेल ओततो हे खरं. पण तोच पोरगा जेवण टाळतोय, मॅचला जायचा तो जात नाही, आवडीचं काहीच आवडेनासं झालंय आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर मी त्याला वय म्हणून सोडून देणार नाही. त्यात परत एक गोष्ट अशी की या वयातलं डिप्रेशन नेहमी रडवेलं दिसत नाही, चिडचिड म्हणूनच दिसतं, त्यामुळं घरचे त्याला उद्धट म्हणतात आणि खरा आजार उद्धटपणाच्या नावाखाली वर्षभर झाकून राहतो.

किंवा मुलगी गॅदरिंगला जायला तयार नाही कारण तोंडावर मुरमं आलीत, सगळे आपल्याकडंच बघतात असं वाटतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मधे याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं होतं, या वयात मूल दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा विचार करायला लागतं आणि तिथं स्वतःलाच मधोमध बघतं. हे नॉर्मल. पण तीच मुलगी शाळाच बंद करून बसली तर मग बोलायला पाहिजे.

भाऊजींना सांगा, आमच्या वेळीही हे सगळं होतंच. स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयावर मोठा दोन भागांचा ग्रंथ १९०४ मधे लिहिला, त्यात हे वय म्हणजे वादळ असं चित्र होतं. पुढच्या संशोधनात दिसलं की बहुतेक मुलं फार मोठं वादळ न होता मोठी होतात. म्हणून "टीनएजर म्हणजे कटकट" हे डोक्यातनं काढणं आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना वेळेत गाठणं, दोन्ही करायचं असतं. बंगळूरच्या निम्हान्सनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, २०१५-१६ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना उपचारालायक त्रास आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात हिशोब केला तर जवळजवळ तीन मुलं. आपल्या कुठल्याही हायस्कूलमधे ती तीन मुलं कोण हे सांगणारं कुणी असतं का विचारा.

खानापूर_हायस्कूल

बाईंनी फार नेमकं लिहिलंय. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवतो, तीन मुलं कोण हे मला कधी कधी समजतं पण पुढं काय करायचं ते समजत नाही. आमच्याकडं मुलं जंगलाच्या कडेच्या गावांतनं येतात, पावसात बस चुकली की दिवस गेला. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून मुलींचा प्रवास फुकट झाला त्यानं मुली टिकल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण दहावीनंतरचा जो फटका बसतो त्याबद्दल कुणी बोलत नाही. मराठीतनं एसएसएलसीला ८५-९० टक्के काढलेलं पोर सायन्सला जातं, तिथं सगळं इंग्लिश, वर्गात आजूबाजूला कानडी, आणि पहिल्याच टेस्टला ३५-४० मार्क. घरात म्हणतात कॉलेजची हवा लागली. पोराला वाटतं मी मूळचाच ढ, आजवर शाळेनं मला खोटं सांगितलं. दिवाळीपर्यंत ते पोर कॉलेज सोडून गोव्याला हॉटेलात कामाला गेलेलं असतं. मला विचारायचंय की यात सायकॉलॉजिस्ट काय करू शकतो, का हे नुसतं भाषेचं आहे?

कडोलीचा_पोरगा

सर तुम्ही लिहिलाय ते सेम माझं. फर्स्ट पीयूसीला सायन्स घेतलो आणि तीन महिन्यात पोटात दुखायला लागलं रोज सकाळी, डॉक्टरनी स्कॅन केले, गॅसच्या गोळ्या दिले, काय निघालं नाही. मग आमच्या काकूनी एका मॅडमकडं नेलं. त्या मॅडमनी पहिल्या दिवशी मार्काचं काय विचारलंच नाहीत, कुठं राहतोस, बसला कोण कोण असतात, डबा कुणासंगट खातोस असलंच विचारत बसल्या. मी डबा एकटाच खायचो, ते सांगताना रडू आलं मला. मग दोन तीन महिने जाऊलालो होतो. आता डिप्लोमा करूलालोय, बरं हाय. मावशी तुमच्या भाचीला करू दे की, आमच्यासारख्यांना लागतंय कोणतर.

येळ्ळूरची

कडोली, तू लिहिलंस ते फार बरं केलंस रे. सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यानंच दिलंय. पोटदुखी खरीच असते, मूल नाटक करत नसतं, या वयात मनाचा ताण पुष्कळदा पोट आणि डोकं यातनंच बाहेर येतो.

उरलेलं अर्धं उत्तर असं. एरिक एरिक्सन यांच्या मांडणीत या वयाचं मुख्य काम म्हणजे मी कोण, माझी जागा कुठं हे ठरवणं. ज्या पोराची आजवरची सगळी ओळख "हुशार मुलगा" एवढीच होती त्याची ती ओळख एका टेस्टमधे जाते, आणि नवी ओळख बनवायला लागणारी भाषा त्याच्याकडं नसते, मित्रही नसतात. हे इंग्लिशचा क्लास लावून एकट्यानं सुटत नाही. मी अशा मुलासोबत आधी वेगळं करते, समजत नाही म्हणजे विषय समजत नाही की वाक्य समजत नाही. तोच फिजिक्सचा प्रश्न मराठीत विचारला की मूल फाडफाड सांगतं, आणि ते स्वतःच्या कानानं ऐकणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. मग कॉलेजच्या लेक्चररशी बोलायचं, घरी बोलायचं, आणि वर्गात एक तरी सोबती जोडून द्यायचा.

याच्याशीच जोडून टेस्टिंगचा मुद्दा, भाचीनं हा नीट लक्षात ठेवावा. बुद्धिमापन चाचणी कुठल्या भाषेत घेतली यावर आकडा फिरतो. मराठी पोराची चाचणी इंग्लिशमधे घेऊन भाषेच्या भागात कमी गुण आले म्हणून त्याला मंद ठरवणं हा अन्याय आहे. नागपूरला डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी जी चाचणी बसवली, जिला आम्ही मिसिक म्हणतो, तिच्यात भाषिक आणि कृतीचा असे दोन वेगळे भाग आहेत. ते दोन आकडे शेजारी ठेवून बघितले की बरंच कळतं. पण ती सोळाच्या आतल्या मुलांसाठी आहे, आणि नागपूरच्या मुलांची मराठी आणि आपल्या पोरांची मराठी यात फरक आहेच, तो समोर बसलेल्या माणसाला माहीत पाहिजे. इथं इथलीच मुलगी या कामात आली तर काय फायदा ते यात आलं.

निपाणीकर

माझा मुलगा नववीत आहे म्हणून हा धागा वाचतोय. दोन प्रश्न. आमच्याकडं मध्यंतरी एका क्लासवाल्यांनी बोटांच्या ठशांवरनं मुलाचा मेंदू कसा आहे, करिअर काय करावं ते सांगणारी टेस्ट केली, बऱ्यापैकी पैसे घेतले, रिपोर्टमधे आलं की इंजिनिअर नको. ते खरं मानायचं का? दुसरं, मुलाला काउन्सेलरकडं नेलं तर तो आत काय बोलला ते मला कळायला नको का, बाप म्हणून माझा हक्क आहे ना? फी मीच भरणार.

येळ्ळूरची

ठशांची टेस्ट मानू नका. बोटांच्या ठशांचा आणि बुद्धीचा, आवडीचा, करिअरचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनंही असल्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. तो रिपोर्ट मुलानं वाचला असेल तर त्याच्याशी बसून बोला की हे खोटं आहे, कारण नववीतलं मूल छापील कागदावर फार विश्वास ठेवतं आणि पुढं गणित अडलं की "माझा मेंदूच तसला नाही" म्हणून सोडून देतं.

दुसरा प्रश्न मला रोज विचारतात आणि यात काहीच चुकीचं नाही, काळजीपोटीच येतो. मी काय करते सांगते. पहिल्या भेटीत मुलगा आणि आईवडील तिघांना समोर बसवून नियम सांगते. मुलानं सांगितलेल्या रोजच्या गोष्टी, मित्र, आवडणारी मुलगी, शाळेतली भांडणं, या माझ्याकडं राहतील. त्याच्या जिवाला धोका असेल, तो कुणाच्या जिवावर उठला असेल किंवा कुणी त्याचं शोषण करत असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि ते सांगायच्या आधी शक्यतो त्यालाच सांगेन. मूल १८ च्या आतलं म्हणजे उपचाराला तुमची संमती लागतेच, पण त्याचीही तयारी विचारायला लागते, ओढून आणलेलं मूल खुर्चीत बसून घड्याळ बघतं नुसतं. तुम्हाला मी काय सांगणार तर तो कसा आहे, घरात काय बदलायला पाहिजे, किती वेळ लागेल. आत काय बोलला ते शब्दाला शब्द नाही. फी तुम्ही भरता पण विश्वास त्याचा मिळवायचा असतो, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही. या कामात निम्मा वेळ आईवडिलांसोबतच जातो हे भाचीनं आत्तापासून धरून चालावं.

धारवाड_ते_बंगळूर

मावशी शिक्षणाचं मी सांगते, मी याच रस्त्यावर आहे. पीयूसीनंतर बीए किंवा बीएस्सी सायकॉलॉजी घेऊन, तीन किंवा चार वर्षं. मग एमए किंवा एमएस्सी सायकॉलॉजी दोन वर्षं. धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी डिपार्टमेंट आहे, पलीकडं कोल्हापूरला शिवाजी युनिव्हर्सिटी आहे, म्हणजे घरापासून फार लांब न जाता एमए होतं. इथपर्यंत आलं की शाळेत किंवा संस्थेत काउन्सेलर म्हणून काम करता येतं. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असं नाव लावायचं तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी आरसीआयनं मान्य केलेला हॉस्पिटलमधे राहून करायचा कोर्स, आत्तापर्यंत तो दोन वर्षांचा एम.फिल. होता. त्याची एन्ट्रन्स अवघड, सीट कमी. यूजीसीनं एम.फिल. बंद केल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, म्हणजे तुमची भाची तिथं पोचेपर्यंत कोर्सचं नाव आणि ढाचा बदललेला असेल, म्हणून फॉर्म भरताना आरसीआयच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी बघायचीच. सायकिअॅट्रिस्ट वेगळे, ते एमबीबीएस करून पुढं एमडी, गोळ्या तेच देतात, सायकॉलॉजिस्टला गोळ्या लिहिता येत नाहीत.

आणि हे फार महत्त्वाचं, कुणी घरबसल्या डिस्टन्सनं सायकॉलॉजी करा म्हटलं तर ऐकू नका. आपल्याकडं लग्नानंतर पुष्कळ जणी तसं करायच्या पण यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी ओपन, डिस्टन्स आणि ऑनलाइनमधून बंद केलीय. रेग्युलरच करायला पाहिजे.

टीनएजचं स्पेशलायझेशन म्हणजे एकच अशी वेगळी डिग्री नाही. एमएला डेव्हलपमेंटल पेपर, प्रोजेक्ट किशोरवयावर, इंटर्नशिप शाळेत किंवा बालगृहात, पुढं ट्रेनिंग चाइल्ड अँड अडोलेसंट विभागात, असं करत करत माणूस त्यात शिरतो. निम्हान्सला चाइल्ड अँड अडोलेसंट सायकिअॅट्रीचा स्वतंत्र विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही तसलीच मानसिक आरोग्याची संस्था आहे, बेळगावच्या पोरींनी निदान तिथं जाऊन ओपीडी बघून यावी.

शहापूरची_मावशी

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी सगळं ताईला वाचून दाखवलं, कडोलीच्या पोराचं वाचताना ती गप्पच झाली. बारावीनंतर धरून सात-आठ वर्षं होतात म्हणजे, भाऊजींना ते जड जाणार. इथं पोटापुरतं मिळतं का ते कुणी स्पष्ट सांगा. आणि ताई विचारते की पोरं जिवाचं बरंवाईट करायचं बोलतात तेव्हा एवढ्याशा पोरीनं ते ऐकायचं कसं?

येळ्ळूरची

स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षं एका जागच्या पगारात भागत नाही. सीबीएसईच्या नियमात काउन्सेलर ठेवायला लागतो म्हणून त्या शाळांत जागा असतात. आपल्या मराठी आणि कानडी सरकारी शाळांत जिथं गरज जास्त तिथं असली कायमची पोस्ट दिसत नाही आणि याचा मला मनापासून राग येतो. सरकारी बाजूला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयासाठी, त्यात कर्नाटकात स्नेहा क्लिनिक आणि महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक, सरकारी दवाखान्यातच. निपाणीच्या अलीकडं स्नेहा आणि पलीकडं कागलला मैत्री, काम एकच. तिथं काउन्सेलर घेतात, काँट्रॅक्टवर. बालकल्याण समिती, बाल न्याय मंडळ यांनाही सायकॉलॉजिस्ट लागतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ त्याच्या मानसिक क्षमतेचा प्राथमिक अंदाज घेतं, त्यात आमची मदत घेता येते. हे फार जबाबदारीचं काम आहे, एका मुलाचं पुढचं आयुष्य त्या कागदावर फिरू शकतं. आणि मग स्वतःचं क्लिनिक, ते रुजायला वेळ लागतो, टिळकवाडीत बोर्ड लावला म्हणून लोक येत नाहीत, एका आईनं दुसऱ्या आईला सांगितलं की येतात.

ताईंच्या प्रश्नाबद्दल. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का असं थेट विचारल्यानं ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटतं, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. एसएसएलसी पीयूसीच्या रिझल्टच्या आठवड्यात घरात मूल एकटं ठेवू नका. सरकारची टेली-मानस लाइन आहे १४४१६, फुकट, दिवसरात्र, २०२२ पासून, मराठीतही बोलता येतं. पोरीनं हे एकटीनं ऐकायचं नसतंच, म्हणून हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग असतं, सीनियर सोबत असतात, आणि माझ्यासारखी इतकी वर्षं काम केलेलीसुद्धा अवघड केस घेऊन दुसऱ्या सायकॉलॉजिस्टशी बोलते. ही सुपरव्हिजनची सवय ज्याला लागत नाही तो या कामात थकून जातो.

जास्त कस लागतो तो कायद्याच्या बाजूला. सतरा वर्षांची मुलगी येते, एकोणीसच्या मुलावर प्रेम आहे, दोघं राजीखुशीनं. पोक्सोमधे, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात, १८ च्या आत संमतीला अर्थ नाही, आणि शारीरिक संबंध आलेत हे कळल्यावर कळवणं २०१२ च्या त्या कायद्यानं बंधनकारक आहे. एकीकडं ती माझ्यावर विश्वास ठेवून बोलणार आणि दुसरीकडं हा नियम. म्हणून मी पहिल्याच भेटीत मुलीला सांगते की काय सांगितलंस तर मला पुढं कळवायला लागेल, म्हणजे बोलायचं का नाही ते तिच्या हातात राहतं. तरी पुढं तिचं काय होणार, घरात काय होणार या विचारानं झोप उडते, ते खोटं सांगणार नाही.

खानापूर_हायस्कूल

बाई, आमच्या शाळेत याल का एकदा? मुलांसाठी नको, आधी आम्हा शिक्षकांसाठीच. ती तीन मुलं ओळखायची कशी एवढंच शिकवा.

येळ्ळूरची

येते की सर, पाऊस उतरला की ठरवू. नववी आणि दहावीचे वर्गशिक्षक तेवढे पाहिजेत, आणि हेडमास्तर बसले तर फारच चांगलं.

निपाणीकर

काल मुलाशी त्या ठशांच्या रिपोर्टबद्दल बोललो. त्यानं तो दप्तरात ठेवला होता. गणिताची भीती वाटते म्हणाला, ठशांच्या आधीपासनंच वाटत होती. येत्या आठवड्यात इथल्या काउन्सेलरकडं जातोय आम्ही तिघं, बाहेर बसायला मी तयार आहे.

शहापूरची_मावशी

एक शेवटचं विचारते, भाचीचं कानडी बेताचंच आहे, दहावीला पास होण्यापुरतं. ते अडेल का?

येळ्ळूरची

अडेल, म्हणून आत्तापासून पक्कं करू दे. सरकारी दवाखान्यातली, मंडळातली, पोलिसांची कागदपत्रं कानडीत असतात आणि माझ्याकडं येणारी निम्मी मुलं कानडी घरातली आहेत, त्यात गोकाक बैलहोंगलकडचीही येतात. मूल घाबरलेलं असताना आईशी जे बोलतं त्याच भाषेत बोलतं, मराठी असो कानडी असो, कोंकणी असो नाहीतर उर्दू. पीयूसीची परीक्षा झाली की सुट्टीत शेजारच्या कानडी पोरांच्या ट्यूशन घ्यायला लावा तिला, सहावी सातवीच्या. कानडीही येईल आणि त्या वयाच्या मुलांसोबत रोज तासभर बसवतं का नाही तेही तिचं तिला कळेल. जूनच्या आत मला इथंच मेसेज करा, बीएच्या कॉलेजांचं तेव्हा बघू.